खलाशी, हाजी आणि आजी

आमच्याकडे कुणी लांबच्या देशाला निघाले आहे हे कळायला त्यांनी सांगावे लागत नाही. ओटीवर हुकाचा वजनकाटा लटकलेला दिसतो. बॅग उचलायची, काटा तेवीस किलोच्या पुढे गेला की पुन्हा उघडायची, कडवे वाल थोडे कमी करायचे, सोड्यांची पिशवी दुसऱ्या बॅगेत ढकलायची, परत उचलायची. हा खेळ आठ-आठ दिवस चालतो. पांढऱ्या कांद्याची माळ न्यावी अशी फार इच्छा असते, पण ताजी भाजी आणि फळे बहुतेक देश विमानतळावरच काढून घेतात, हे आता अलिबागकरांना अनुभवाने ठाऊक झाले आहे.

आणि मग निघण्याच्या आदल्या दिवशी, कधी कधी त्याच दिवशी सकाळी, ही मंडळी दवाखान्यात येतात. ‘‘डॉक्टर, लेकीचं बाळंतपण आहे, न्यू जर्सीला चाललोय. सहा महिन्यांच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या, गाडी बाहेर उभी आहे.’’ वय अडुसष्ट, बहात्तर. एकाला साखर आणि रक्तदाब, दुसरीला थायरॉइड आणि गुडघे. शेवटची रक्ततपासणी गेल्या गणपतीच्या आधीची. अशा वेळी डॉक्टरने काय करायचे? मी गोळ्या लिहून देतो, ‘सांभाळून राहा’ म्हणतो आणि गाडी वडखळच्या दिशेने निघून गेली की मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतो.

या किनाऱ्यावरून माणसे परदेशी जाणे काही नवे नाही. उलट, दोन प्रकारचे प्रवासी इथून पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत आणि दोघांचीही आरोग्याची तयारी चोख असते. पहिला खलाशी. कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा बोटीवर असतो. त्याला ठरावीक डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणीचा दाखला घ्यावा लागतो आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना जायचे तर यलो फिव्हरची लस आणि तिचे पिवळे कार्ड लागते. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड वैध होते. पूर्वी ते दर दहा वर्षांनी नवे करावे लागे. ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर मान्य झाली आहे. जुन्या खलाशांपैकी अनेकांना हे अजून माहीत नसते. उलटी अडचणही असते. ही जिवंत विषाणूंची लस आहे, त्यामुळे साठीच्या पुढच्या माणसाला ती पहिल्यांदाच द्यायची तर डॉक्टरला दोनदा विचार करावा लागतो. मुलाला भेटायला केनियाला निघालेल्या आजोबांनी हे चार दिवस आधी विचारून चालत नाही.

आपले सरकार या कार्डाबाबत इतके कडक का, असे काही जण चिडून विचारतात. यलो फिव्हर भारतात कधीही आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूवाला तोच, आपल्या दारातल्या कुंडीत तयार बसलेला आहे. फक्त विषाणू यायचा बाकी आहे. म्हणून बाधित देशातून कार्डाविना आलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. हा कडकपणा मला तरी योग्य वाटतो.

दुसरा प्रवासी म्हणजे हाजी. रेवदंडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातून हजला जाणारे बरेच असतात. हज कमिटीतर्फे निघायचे तर वैद्यकीय दाखला हवा, लसीकरणाच्या शिबिराला हजेरी हवी. तिथे मेनिंजायटिसची लस, पोलिओचे थेंब, ज्येष्ठांना फ्लूची लस आणि काय खावे, उन्हात कसे वागावे याची माहिती मिळते. हे आपोआप झालेले नाही. १८९७ साली मुंबईत प्लेग असताना इथून हजला जाणारी जहाजेच थांबवण्यात आली होती. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षे यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणात दिवस काढावे लागत. अलीकडे १९८७ मध्ये हजच्या गर्दीत मेनिंजायटिसची मोठी साथ आली, तेव्हापासून लस सक्तीची झाली. २००० साली त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकाराने पुन्हा साथ आणली, यात्रेकरूंबरोबर ती इतर देशांत पोचली आणि मग चारही प्रकारांवर चालणारी लस आवश्यक ठरली. प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे.

तिसरी प्रवासी आमची आजी. सोबत आजोबा. तिला कोणताही नियम लागू नाही. अमेरिकेचा व्हिसा देताना कुणी तिचा रक्तदाब विचारत नाही, लस विचारत नाही, विमाही विचारत नाही. खलाशी बहुधा तिशी-चाळिशीतला धडधाकट माणूस, त्याची तपासणी होते. आजी सत्तरीची, तीन आजार सांभाळणारी, पाच-सहा महिने अनोळखी थंडीत राहणार, आणि तिला तपासायला कुणीच नाही. नियम नाही म्हणून तयारीही नाही, असा आपला सरळ हिशेब असतो. माझी तक्रार याच हिशेबाबद्दल आहे.

सर्वात जास्त गोंधळ औषधांचा. गोळ्या बॅगेत टाकल्या की काम झाले असे वाटते. पण त्या कोणत्या बॅगेत? चेक-इन केलेली बॅग दुसऱ्याच शहरात गेली तर चार दिवस गोळ्याविना जातात. त्यामुळे सगळी औषधे हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह असावीत. डब्यात सुट्या करून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत, आणि तिथल्या डॉक्टरलाही नाही. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे, कारण आपले ब्रँड तिथे कुणाला ठाऊक नसतात. मूळ नावांतही गंमत आहे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, दम्याचे साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. आजी आपली क्रोसिन घेते आणि जावई प्रेमाने टायलेनॉल देतो. दोन्ही एकच औषध आहे हे दोघांनाही माहीत नसते. यकृताला मात्र कळते.

सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेण्याचा आग्रहही तपासायला हवा. अमेरिकेत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधे सोबत आणावीत असा सर्वसाधारण नियम आहे. जास्त दिवस राहायचे असेल तर पुढचे तीन महिने कुठून, कुणाच्या चिठ्ठीवर, किती खर्चात, हे इथून निघण्यापूर्वी मुलांशी बोलून ठरवायचे असते. तिथे गेल्यावर ‘रोज एक ऐवजी एक दिवसाआड घेते, पुरतील’ असा निर्णय आज्या परस्पर घेतात आणि कुणाला सांगत नाहीत.

आखाती देशांत वेगळीच सावधगिरी लागते. ट्रामाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, त्यांना आधी परवानगी काढावी लागते. आणि खसखस! अनारशाला, वाटणाला लागते म्हणून पुडी टाकली जाते, पण ती दुबईत आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत येते, कारण ती अफूच्या बोंडातली. यात थट्टेचे काही नाही. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन आहे का ते पाहावे. ठरावीक प्रमाणापुढे ते तिथे चालत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथली चूक अंगावर येते. आपल्याकडे इन्सुलिनची जी बाटली सर्रास मिळते ती ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत मिळते ती बाटली १०० युनिटची आणि तिची सिरिंज वेगळी, नारंगी टोपणाची. इथून नेलेल्या लाल सिरिंजने तिथल्या बाटलीतून वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. उलट केले, इथली बाटली आणि तिथली सिरिंज, तर वीसच्या जागी आठच युनिट जातात आणि साखर चढत राहते. बाटली आणि सिरिंज यांची जोडी कधीही फोडायची नाही. पेन वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाआधी पेनवर जावे का हे डॉक्टरला महिनाभर आधी विचारणे शहाणपणाचे. शिवाय पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर आहे. त्या लांबलेल्या दिवसात इन्सुलिनचे काय करायचे हे प्रत्येकाचे वेगळे असते, ते कागदावर लिहून घ्यावे. शेजारच्याने काय केले होते ते विचारू नये.

आता प्रवासाचे. लोक विमानातले पंधरा-सोळा तास मोजतात. अलिबागकराचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वडखळ, पेण, पनवेल करत मुंबईच्या विमानतळावर पोचायला चार तास, तिथे आणखी तीन तास. मांडव्याहून रो-रोने गेलात तरी पलीकडे पुन्हा गाडी आहेच. पनवेलजवळचा नवा विमानतळ आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याने पुढे हे अंतर कमी होईल. तोपर्यंत विमानात बसण्यापूर्वीच पाय सात तास लोंबकळलेले असतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसले. तरीही प्रत्यक्षातला धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, वजन फार असेल, तर तो लहान राहत नाही. अशांनी डॉक्टरला भेटल्याशिवाय तिकीट काढू नये. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बाकीच्यांनी पाणी प्यावे आणि चालावे. आमच्या बायका स्वच्छतागृहात जायला नको म्हणून विमानात पाणीच पीत नाहीत. मधली खुर्ची, शेजारी झोपलेला परका माणूस, त्याला उठवायचा संकोच. त्यासाठी कडेची खुर्ची आधीच मागून घ्यावी. विमानतळावर व्हीलचेअर मागण्याची पद्धत आता रुळली आहे. भाषेची अडचण आणि लांबलचक रांगा पाहता मी तिला नाव ठेवणार नाही. मात्र ज्याला चालता येते त्याने विमानात तरी उठून चार फेऱ्या माराव्यात.

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. ती सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा वरची. ज्यांना महाबळेश्वरला धाप लागते त्यांना विमानातही लागू शकते, आणि तिथे खाली उतरायची सोय नाही.

विम्याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. युरोपच्या सहलीला जायचे तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो, त्यामुळे आठ दिवसांच्या सहलीला जाणारा माणूस विमा काढतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तो सक्तीचा नाही, त्यामुळे सहा महिने राहणारी आजी कधी कधी विम्याविना जाते, आणि तिथला दवाखाना जगात सर्वात महागड्यांपैकी. विमा काढतात तेव्हाही कुणीतरी सल्ला देतो, ‘‘बीपी-शुगर लिहू नका हो, हप्ता वाढतो.’’ हा सल्ला देणारा नंतर बिल भरायला येत नाही. अशा पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, किंवा फक्त जिवावर बेतले तरच आणि ठरावीक रकमेपुरतेच धरलेले असतात. आजार लपवला तर तेवढेही हातचे जाते. ती बारीक अक्षरांतली पाने मुलांनी वाचून आईवडिलांना सांगावीत. पंचवीस हजारांचा फोन घेताना आपण याहून जास्त वाचतो.

दातांचेही तसेच. किडलेली दाढ घेऊन परदेशी जाऊ नये. चष्म्याची एक जास्तीची जोडी ठेवावी.

लसींचे म्हणाल तर नातवंडासाठी जाणाऱ्यांना दोन महत्त्वाच्या. नवजात बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस अमेरिकेत दोन महिन्यांनी मिळते. तोवर त्याला सांभाळायचे ते आसपासच्या मोठ्या माणसांनी. मोठ्यांमध्ये हा आजार साध्या रेंगाळलेल्या खोकल्यासारखा दिसतो, बाळासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची मोठ्यांसाठीची एकत्र लस, टीडॅप, बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. दुसरी फ्लूची. मुली तिकडून व्हॉट्सॲपवर आईला हे कळवतात, आणि आई म्हणते, ‘‘आम्ही काय लसी घेऊन तुम्हाला वाढवलं?’’ घेतल्या नव्हत्या, खरे आहे. त्या काळी घराघरांत एखादे मूल खोकल्याने, गोवराने जात होते, तेही आजीनेच आपल्याला सांगितलेले आहे.

जाणाऱ्यांइतकीच काळजी येणाऱ्यांचीही करायला हवी, आणि अलिबागला तर हा विषय फार जुना. बेने इस्रायल समाजाचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ हे सिनेगॉग अजून उभे आहे. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण त्यांची नातवंडे आजही आजोबांचे गाव बघायला येतात. अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियातली आपली नातवंडेही दर सुटीत येतात. या पाहुण्यांचा धोका हॉटेलात उतरणाऱ्या गोऱ्या पर्यटकापेक्षा जास्त असतो, हे जगभर दिसून आले आहे. अमेरिकेत आढळणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत दक्षिण आशियातल्या नातेवाइकांना भेटून आलेल्यांचा वाटा मोठा असतो. कारण साधे आहे. घरी जाताना कुणी लस घेतो का? ‘मी इथलाच, मला काय होणार’ असे म्हणणाऱ्याची जुनी प्रतिकारशक्ती वीस वर्षांत ओसरलेली असते आणि त्याच्या मुलाला ती कधी नव्हतीच. येणाऱ्या मुलांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसी तिकडेच देऊन आणाव्यात. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराचा एक जादा डोस देण्याची तिकडे शिफारस आहे. आणि वरसोलीच्या किंवा नागावच्या किनाऱ्यावर कुत्र्याने ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. ‘उद्या बघू’ म्हणू नये.

हे सगळे एका दवाखान्यात, गाडी बाहेर उभी असताना, दहा मिनिटांत सांगता येत नाही. त्याला चार ते सहा आठवडे आधीची एक निवांत भेट लागते. मुंबईत अशी प्रवासपूर्व तपासणी करणारी ठिकाणे आहेत, पण सत्तरीच्या माणसाने त्यासाठी अलिबागहून दिवस मोडून जावे ही अपेक्षा चुकीची आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथे आठवड्यातून एक दुपार प्रवाशांसाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही. एक फिजिशियन, एक परिचारिका, लसींचा शीतपेटीतला साठा आणि देशवार माहिती उघडून बघायला एक संगणक.

यावर आक्षेप येतो तो मला ठाऊक आहे. लाखभराचे तिकीट काढणाऱ्यांची सोय सरकारने का करावी? इथे तापाच्या रुग्णाला खाट मिळत नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही, म्हणून ही सेवा फुकट असावी असे मी म्हणत नाही. लसीचे आणि तपासणीचे पैसे घ्यावेत. पण तिकीट काढणारी आजी नसते, मुले असतात. आजी निवृत्त शिक्षिका किंवा एसटीतल्या कर्मचाऱ्याची बायको असते. दुसरे म्हणजे ही सोय फक्त तिची नाही. ती दुपार पहिल्यांदा बोटीवर चढणाऱ्या पोराची आहे, खासगी टूरने उमराहला जाणाऱ्याची आहे, आणि परतलेल्याचीही आहे. जुलै महिन्यात कोकणात ताप आला की आम्ही डॉक्टर डेंग्यू आणि लेप्टोच्याच मागे धावतो. तो रुग्ण तीन आठवड्यांपूर्वी पश्चिम आफ्रिकेच्या बंदरात होता हे कुणी विचारतही नाही. तिथला फाल्सिपेरम मलेरिया दोन-चार दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. केसपेपरवर ‘गेल्या सहा महिन्यांत परदेशी गेला होतात का?’ अशी एक ओळ छापायला काहीच खर्च नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाने ही दुपार ठरवली तर गावातले आम्ही खासगी डॉक्टर पाळीपाळीने बसायला तयार होऊ, असे मला वाटते. माझे तरी नाव पहिल्या महिन्यासाठी लिहून घ्यावे. मंगळवार मला सोयीचा पडेल.